झडपेला बांधलेली तार

ही १९५३ सालची गोष्ट. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि दादाच्या हाताखाली सिनेमा थिएटरच्या केबिनमध्ये फिल्म तपासायचं काम करत होते. दादा माझा सख्खा मोठा भाऊ, तिथला ऑपरेटर. वडील गेल्यावर त्याने शाळा सोडून केबिन धरलं आणि पुढे आई थकली तेव्हा मलाही वर ओढून घेतलं. "घरात बसून माझ्या शर्टांची बटणं लावतेस, त्यापेक्षा फिल्मचे तुकडे जोड," म्हणाला. "काम तेच. फक्त शर्ट आपणहून पेट घेत नाही."

फिल्म मात्र पेट घ्यायची. आताच्या लोकांना सांगून खरं वाटणार नाही, पण त्या काळच्या जुन्या फिल्मला नुसती कडक उष्णता पुरायची. एकदा पेटली की विझवायची सोय नाही. पाण्यात बुडवा, पाण्याखाली जळते. घोंगडी टाका, घोंगडीखाली जळते. आणि अशी फिल्म आम्ही जळत जाणाऱ्या दोन कार्बन कांड्यांच्या प्रखर दिव्यासमोरून पळवायचो. पळत होती तोवर ठीक. एका जागी दोन क्षण थांबली की संपलं.

म्हणून मशीनच्या पोटात तिच्या राखणीला माणसं बसवलेली होती. माणसं म्हणजे लोखंडाचे भाग, पण दादा मला ते घरातल्या माणसांसारखेच शिकवायचा. फिल्मचं रीळ बंद लोखंडी डब्यात असायचं, एक डबा वर, एक खाली. वरच्या डब्याच्या तोंडातून फिल्म बाहेर यायची, दिव्यासमोरच्या गेटमधून, म्हणजे फिल्म सपाट धरणाऱ्या चौकटीतून जायची आणि खालच्या डब्यात शिरायची. दोन्ही डब्यांच्या तोंडाशी दोन दोन रूळ असत, एकमेकांना चिकटून. "ह्या आपल्या दोन आत्या," दादा म्हणायचा. "दारात मांडीला मांडी लावून बसल्यात. फिल्म तेवढी सरपटत जाईल, जाळाला आत पाऊल टाकू देणार नाहीत." त्या फटीत काजळी किंवा मेणाचा कण राहिला तर रूळ अडतात किंवा फट रुंदावते, म्हणून रोज सकाळी ब्रशने आणि मऊ फडक्याने ते रूळ पुसायचं काम माझं.

आणि दिवा आणि गेट यांच्यामध्ये होती झडप. हाताच्या तळव्याएवढा पत्रा. मशीन वेगात फिरू लागलं की आतले दोन वजनाचे गोळे बाहेर फेकले जात आणि झडप उचलून धरत. वेग उतरला की झडप टक्कन खाली, उजेड बंद. फिल्म गेटमध्ये अडकली आणि मशीन फिरतच राहिलं, तर गेटच्या वर फिल्मचा जो सैल वळसा असतो तो फुगायचा, एका पत्र्याच्या जिभेला लागायचा आणि तेव्हाही झडप खाली. पडद्यावर अंधार होई, लोक शिट्ट्या मारत, पण फिल्म वाचायची. फिल्मबरोबर आम्हीही.

आमचं केबिन बाल्कनीच्याही वर होतं, एकोणीस लोखंडी पायऱ्या चढून. दोन मशीन, भिंतीत पडद्याकडे बघणारी चार चौकोनी भोकं, बाहेर उघडणारं लोखंडी दार, वाळूच्या बादल्या आणि कोपऱ्यात माझं रीळ गुंडाळायचं टेबल. दाराशेजारी काचेच्या चौकटीत दादाचं लायसन्स. थिएटरच्या मागच्या अंगाला ऑपरेटरसाठी दोन खोल्या होत्या, तिथे आई, दादा, वहिनी आणि मी. वहिनीला सातवा महिना लागला होता. सगळं त्या चौकटीतल्या कागदावर उभं होतं. कागद गेला की नोकरी गेली आणि नोकरी गेली की त्याच आठवड्यात खोल्या खाली करायच्या.

त्या सुमारास डाव्या मशीनची झडप विनाकारण पडायला लागली. गोळ्यांची स्प्रिंग ढिली झाली होती. चित्र ऐन रंगात आलं की टक्, अंधार. पुन्हा उचलावी, पुन्हा पाच मिनिटांनी टक्. नवी स्प्रिंग मागवून महिना झाला होता.

थिएटर तपासून लायसन्सवर सही करणारे सरकारी इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिवशी दुपारच्या खेळाला ती दोनदा पडली. मॅनेजर धापा टाकत वर आला. हा माणूस जेवताना, चालताना, शिंकतानासुद्धा घाईत असायचा, म्हणून आम्ही त्याला आपसांत घाईसाहेब म्हणायचो.

"हे काय चाललंय काय? लोक खुर्च्यांवर उभे राहून बोंबलतायत!"

"झडप पडतेय साहेब. स्प्रिंग गेलीय. तुम्हाला सांगून महिना झाला."

"मग पडू देऊ नकोस."

"ते माझ्या हातात नाही."

"सगळं तुझ्याच हातात असतं. उद्या तीनच्या खेळाला इन्स्पेक्टर खुर्चीत बसणार आहेत. त्यांच्यादेखत अंधार झाला तर ते काय मशीनला नापास करतील? ऑपरेटरला करतील. लायसन्सवर सही तुझ्या व्हायचीय, माझ्या नाही." आणि आला तसा धडधडत उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना दादा गप्प होता. वहिनी म्हणाली, "ती झडप अगदी ह्यांच्या वळणावर गेलीय. काही झालेलं नसताना रुसून बसते."

आई हसली. मीही हसले. दादा हसला नाही. कप खाली ठेवून तो उठला आणि रोजच्यापेक्षा तासभर आधी वर गेला. त्या तासात त्याने काय केलं ते मला कळायला दुपार उलटावी लागली.

माझी सकाळ वेगळ्याच घाईत गेली. आदल्या संध्याकाळीच यायला हवे होते ते प्रिंटचे डबे अकरा वाजता आले. जुनं चित्र, बारा रिळं, दहा गावं फिरून दमलेलं. नेहमी प्रत्येक रीळ सावकाश गुंडाळत दोन्ही कडा चिमटीतून सोडून बघायच्या, कुठे भोकं फाटलीत का. मशीनचे दाते त्या भोकांतच अडकतात. भोकं फाटली की फिल्म पुढे सरकत नाही. हाताला खरखर लागली की थांबायचं, तेवढा तुकडा कापायचा आणि दोन्ही टोकं जोडायची. नियम सोपा आहे. फाटलेलं ठेवायचं नाही.

सातव्या रिळात शेवटाकडे मला वीतभर खरखर लागली. भिंगातून पाहिलं, तर एका बाजूची सलग दहा-बारा भोकं उसवलेली. आणि ते नेमकं चित्रातल्या आईचं कोर्टातलं भाषण. सगळं पब्लिक ज्या दोन मिनिटांसाठी येतं ती दोन मिनिटं. मागच्याच महिन्यात मी एका गाण्यातला हातभर तुकडा कापला होता, तेव्हा खालून कुणीतरी ओरडलं होतं, "कात्रीवाली, घरी जा!" आणि घाईसाहेब आठवडाभर मला त्याच नावाने हाक मारत होता. आज तर इन्स्पेक्टर बसणार. ऐन भाषणात चित्र उडी मारणार.

मी कापलं नाही. जुन्या फिल्मची एक बारीक पट्टी कापून भोकांच्या कडेला चिकटवली, सुईने भोकं मोकळी केली आणि ती सुकू दिली. बोटं फिरवली तर जाड लागलं. खोटं कशाला सांगू, जाड लागलं होतं. पण मी मनाशी म्हटलं, अडकलीच तर झडप आहे. फार तर अंधार होईल.

"सातवं कसं आहे?" दादाने मशीनमागून विचारलं.

"ठीक आहे," मी म्हटलं.

"तू ठीक म्हणालीस म्हणजे झालं," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा हलका झाल्यासारखा वाटला.

तीनला खेळ सुरू झाला. भोकातून खाली पाहिलं तर सगळ्या खुर्च्या भरलेल्या. बाल्कनीच्या पहिल्या रांगेत एक बारीक अंगाचा, पन्नाशी ओलांडलेला माणूस, मांडीवर टोपी, ताठ बसलेला. शेजारी घाईसाहेब. पहिलं रीळ डाव्या मशीनवर गेलं, दुसरं उजव्या, तिसरं पुन्हा डाव्या. झडप एकदाही पडली नाही. मी दादाला म्हटलं, "साहेबांना घाबरली वाटतं."

"चूप," तो म्हणाला. रागावून नाही, पण चूपच म्हणाला.

सहाव्या रिळानंतर मध्यंतर झालं आणि सातवं डाव्या मशीनवर चढलं. ते सुरू होऊन चार मिनिटं झाली असतील, तोच दार वाजलं. दारवान. त्याचा आवाज असा होता की कानात सांगितलेलं तळमजल्यावर ऐकू जाई, म्हणून त्याला सगळे तोफ म्हणत. "ऑपरेटर, खाली बोलावलंय. साहेब मागची दारं बघतायत, तुमचे मागल्या सालचे कागद पायजेत."

"मशीन चालू आहे," दादा म्हणाला. "चालत्या मशीनवरून उतरता येत नाही. साहेबांनाच विचार, त्यांचाच नियम आहे."

"मी कसा विचारू? मॅनेजर म्हणाले, दोन मिनिटांत आला नाही तर मीच वर येतो."

दादाने घड्याळ पाहिलं, मशीन पाहिलं, मग मला. उजवं मशीन सुरू करायला अजून सहा मिनिटं होती. "चिमे, कार्बन बघत राहा. जळत आले की पुढे सरकव. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही." तो दारापर्यंत गेला आणि थांबला. काहीतरी बोलणार होता. मग "आलोच," म्हणून उतरला.

मी कार्बन सरकवले. वळसा नीट आहे का म्हणून मशीनचं बाजूचं दार उघडून आत डोकावले. दिव्याच्या उजेडात काहीतरी लालसर चमकलं. झडपेच्या दांड्याला तांब्याची तार गुंडाळली होती, दुपदरी, आणि तिची टोकं वरच्या स्क्रूला पीळ देऊन आवळलेली. झडप वर टांगलेली होती. आता वेग उतरो, वळसा फुगो, काही होवो, ती पडणार नव्हती.

दादाला माझी पट्टी ठाऊक नव्हती. मला त्याची तार ठाऊक नव्हती. आणि पट्टी गेटकडे निघाली होती. खाली पडद्यावर आईला कोर्टात आणत होते. भाषणाला चार मिनिटं, फार तर साडेचार.

मी भराभर विचार केला. मशीन थांबवावं तर अंधार नक्की, तोही इन्स्पेक्टर इमारतीत असताना. दादाचा कागद गेलाच. तार तोडावी तर ढिली झडप कधीही पडेल, अंधारच, पण निदान कदाचित. काहीच करू नये तर पट्टी कदाचित सरकेलही. कदाचित. खाली एका छपराखाली सातशे लोक आणि केबिनमध्ये आणखी अकरा रिळं.

मी घंटी दाबली. दोनदा, म्हणजे खालून माणूस पाठवा. तोफ वर आला, दारातूनच म्हणाला, "काय गं चिमाताई, आग लागली का?"

"दादाला बोलवा. आत्ताच्या आत्ता."

"ते साहेबांबरोबर मागच्या बोळात आहेत. मध्येच कसं बोलवू? काय सांगू?"

काय सांगणार? तार बांधलीय म्हणून सांगा? "सांगा, बहीण बोलावतेय."

"बहीण बोलावतेय," तो पुटपुटला आणि मान हलवत उतरला. त्याच्या पायऱ्या मोजत मी टेबलाच्या खणातून पक्कड काढली.

तारेपर्यंत हात नेणं सोपं नव्हतं. दांडा उजेडाच्या झोताला अगदी लागून. हात दोन बोटं जास्त आत गेला तर त्याची सावली पडद्यावर पडणार, आणि खाली न्यायाधीशाच्या तोंडावर माझ्या बोटांचा पंजा दिसणार. मी खालून हात घातला. डाव्या हाताने दिव्याच्या तोंडावरची हातझडप धरून ठेवली, ही हाताने पाडायची, मशीनशी तिचा संबंध नाही. पक्कड तारेच्या एका पदराला लागली. दाबली. पदर तुटला. दुसरा पदर दांड्याच्या मागे गेलेला. पक्कड घसरली. पुन्हा घसरली. हाताला घाम आला होता.

खालून पडद्यावरच्या आईचा आवाज यायला लागला. भाषण सुरू झालं होतं. हॉल एकदम शांत झाला.

मी पक्कड तिसऱ्यांदा लावली आणि तेव्हाच गेटमध्ये आवाज बदलला. चालत्या मशीनची एक सलग घरघर असते, ती मला झोपेतही ओळखू यायची. तिच्यात खर्र, खर्र असं काहीतरी शिरलं. वरचा वळसा माझ्या डोळ्यांदेखत फुगला. जिभेला लागला. जीभ हलली, टक्. मी आवाज ऐकला. झडपेला हुकूम पोचला होता, आणि झडप एका पदराच्या तारेवर लटकत राहिली.

मी हातझडप पाडली. एका क्षणाचा फरक पडला असेल. भोकातून मला पडद्यावर आईच्या गालावर एक तपकिरी डाग उमलताना दिसला, मग काळोख. आणि गेटमधून जाळ बाहेर आला.

मोटार बंद. हे आधी. नाहीतर मशीन जळती फिल्म खेचून खालच्या डब्यात नेतं. मग दाराजवळची साखळी ओढली. चारही भोकांवरच्या लोखंडी फळ्या धाडकन खाली आल्या आणि हॉल आणि आम्ही वेगळे झालो. हे मी विचार करून केलं नाही. दादाने शंभर वेळा करून घेतलं होतं.

जाळ वर वळशातून सर्रकन चढला, खाली दुसऱ्या वळशातून उतरला. फुसफुस असा आवाज, पिवळा धूर, घशात काट्यांसारखा. माझ्या डाव्या मनगटावर काहीतरी सांडल्यासारखं झालं. वरचा जाळ डब्याच्या तोंडाशी पोचला. खालचाही. मग मला दिसेना.

त्या वेळी मी पळायला हवं होतं. नियम तोच आहे. मी पळाले नाही. वरच्या डब्याला तळहात लावून उभी राहिले. आत पेटलं असतं तर लोखंड तापायला लागलं असतं. गार होतं. दुसरा हात खालच्या डब्याला. गार. मनात येत होतं, डबा उघडून बघावं, आत शिरलाय का. डबा उघडला की आत हवा जाते, आणि मग बघायला कुणी उरत नाही. मी नुसती उभी राहिले आणि मोजत होते. वीस. गार. तीस. गार. चाळिसाला धुराचा लोट पातळ झाला. रुळांनी जाळ दारातच अडवला होता.

खाली तोफ गरजत होता, "फिल्म तुटलीय हो, फिल्म! बसून राहा! भाषण कुठे पळून जात नाही!" लोक हसले. त्या हसण्याने मला रडू आलं.

मग एकोणीस पायऱ्यांवर पावलं वाजली, तीन माणसांची. मी पक्कड घातली, आता उजेड नव्हता, घाई नव्हती. दुसरा पदर पहिल्या दाबाला तुटला. झडप टक्कन खाली पडली. तारेचे तुकडे ओढून मी मुठीत घेतले.

दादा आधी आत आला. मशीनकडे नाही, माझ्याकडे बघत. मनगट धरून बघितलं. मागून घाईसाहेब, तोंडाला रुमाल. शेवटी इन्स्पेक्टर. त्यांनी दार उघडं ठेवायला लावलं, धूर निघून जाऊ दिला आणि मग हाताची मागची बाजू वरच्या डब्याला लावून पाहिली. पाच मिनिटं वाट बघून डबा उघडला. रुळांमधून फिल्म बाहेर ओढली. रुळाच्या खाली कोळसा. रुळांमध्ये बोटभर तपकिरी. रुळाच्या वर स्वच्छ, चकचकीत.

"रूळ कोण पुसतं?"

"मी," मी म्हटलं.

"आज पुसले होते?"

"रोज पुसते."

त्यांनी मान हलवली. मग मशीनचं बाजूचं दार उघडून बराच वेळ आत बघत राहिले. "झडप पडलेली आहे," ते म्हणाले. "आणि फिल्म जळालेली आहे. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र कशा?"



"जोड माझा होता," मी म्हटलं. "भोकं फाटलेली होती. कापायला हवं होतं, मी पट्टी लावली. ती अडकली."

"बघा!" घाईसाहेब म्हणाला. "मी म्हणतच होतो, बायकांना हे काम झेपत नाही. साहेब, हिला आजच्या आज काढतो. विषय संपला."

मला वाटलं, चला, संपला. मी जाईन, दादा राहील. खोल्या राहतील.

"विषय संपत नाही," इन्स्पेक्टर म्हणाले. "वाईट जोडाने अंधार होतो, आग लागत नाही. झडप त्यासाठीच दिलेली असते. बाई, ती कधी पडली?"

मी मूठ घट्ट केली. इन्स्पेक्टर माझ्याकडे बघत होते. दादा माझ्या मुठीकडे.

"चिमे, दे ते."

"काय?"

"दे म्हणतो ना."

"काही नाहीये दादा."

त्याने माझा हात हातात घेतला आणि एक एक बोट उघडलं. मी जोर लावला, त्याने त्याहून जास्त लावला, भाजलेल्या मनगटाला धक्का न लावता. तारेचे तुकडे त्याने माझ्या टेबलावर इन्स्पेक्टरांसमोर ठेवले.

"मी बांधली होती. सकाळी. हिला माहीत नव्हतं. मी वर नसताना तिने पाहिली आणि तोडत होती."

"का बांधली?"

"दर खेळाला पडत होती."

"आणि फिल्म अडकली असती तर?"

"हिचे जोड अडकत नाहीत," दादा म्हणाला. "पाच वर्षांत एक अडकला नाही. मी त्याच्या भरवशावर बांधली."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि मी झडपेच्या भरवशावर पट्टी लावली."

इन्स्पेक्टरांनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. आमच्याकडे असं बघितलं की ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी तार बांधायला सांगितलं नव्हतं हां!" घाईसाहेब म्हणाला.

"नाही सांगितलं," दादा म्हणाला. "तुम्ही नुसतं पडू देऊ नकोस म्हणालात."

मग त्याने स्वतःच भिंतीवरची चौकट उतरवली, मागचे खिळे बोटाने वाकवले, कागद काढला आणि दिला. इन्स्पेक्टरांनी तो घडी घालून खिशात ठेवला. तोफेने लोकांना सगळ्या दारांनी बाहेर सोडलं. भाषण कुणालाच ऐकायला मिळालं नाही.

आम्ही आठ दिवसांत खोल्या सोडल्या. दादाचं लायसन्स दोन वर्षांसाठी गेलं. दोन वर्षांनी नवा अर्ज घरी आला, तो त्याने भरला नाही. एका छापखान्यात तो यंत्रं दुरुस्त करायला लागला आणि निवृत्त होईतो तिथेच होता. तिथल्या कापायच्या यंत्राला हात वाचवणारी कडी होती. कामगार ती काढून ठेवायचे, आणि दादा रोज सकाळी जाऊन ती परत बसवायचा. त्यावरून तिथे त्याला किती शिव्या पडल्या ते वहिनी सांगायची. तो एकोणऐंशीव्या वर्षी गेला. आमच्यात त्या दुपारचा विषय फारसा निघाला नाही. एकदाच, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, तो म्हणाला, "जाड लागलं होतं का गं?" मी हो म्हटलं. "मग सांगायचंस," म्हणाला. मी म्हटलं, "तू पण."

वहिनीला मुलगी झाली. ती आता दोन नातवंडांची आजी आहे. वहिनी ब्याण्णवची होऊन गेली, शेवटपर्यंत दादाला रुसकी झडप म्हणत. आई त्याआधी कधीच गेली, नव्या घराच्या जिन्याला नावं ठेवत.

घाईसाहेबाला मालकांनी महिन्याभरात काढलं. झडपेची स्प्रिंग त्याच्याच टेबलाच्या खणात, न उघडलेल्या पाकिटात सापडली म्हणे. पुढे कुठेसं लॉज चालवायचा. तोफ त्या थिएटरला कुलूप लागेपर्यंत दारावर होता. तिथे आता फर्निचरचं गोदाम आहे.

इन्स्पेक्टरांनी त्या वर्षीच्या अहवालात लिहिलं की फिल्म तपासणाऱ्यालाही परीक्षा हवी. ती परीक्षा मी पहिल्या फेरीत नापास झाले आणि दुसऱ्या फेरीत पास. पुढे ऑपरेटरचं लायसन्सही काढलं आणि दुसऱ्या गावच्या थिएटरात मी सव्वीस वर्षं मशीन चालवलं. मधेच न पेटणारी फिल्म आली, अडकली तर नुसती वितळते, आणि नवी मुलं झडपेला हसायला लागली. माझं लग्न एका घड्याळजीशी झालं, तो भला माणूस होता, दहा वर्षांपूर्वी वारला. इन्स्पेक्टर निवृत्त झाल्यावर एकदा माझ्या केबिनमध्ये आले होते. बसले नाहीत. मशीनचं बाजूचं दार उघडून आत बघितलं, चहा प्याले आणि खालच्या रांगेतली खुर्ची मागून घेऊन चित्र शेवटपर्यंत बघून गेले.